तीन खातेदार आणि एक सुपारी

शीर्षकात सुपारी दिसली म्हणून तुम्ही पान उलटायचं थांबलात, हे मला पक्कं माहीत आहे. बँक, काळा पैसा आणि वर सुपारी! म्हणजे आता दुबईवरून फोन येणार, काळ्या काचांची गाडी येणार, कुणीतरी बायपासवर आडवा पडणार. असं काय बी होणार नाय. बसा निवांत. ह्यात गोळी सुटत नाय, नोटांची गोणी नाय, आणि सुपारी आहे ती खायची, चिकणी. अजून एक आशा आत्ताच मोडून टाकतो. शेवटी चोर पकडला गेला का, हे मी सांगणार नाय. लपवत नाय, मलाच माहीत नाय.

आणि हो, अशा आठवणी लिहिणारा माणूस रिटायर झालेला असतो, फोटोत शाल असते. मी अजून तिशीच्या आत आहे. रिटायर झालेलो नाय, जरी हेड ऑफिसातल्या दोघातिघांनी त्यासाठी मनापासून प्रयत्न केले. संपादक म्हणाले, ‘थरारक लिहा.’ मी म्हटलं, सर, आमच्या कामात थरार म्हणजे महिनाअखेरीला सर्व्हर बसतो तेव्हा.

नावं सगळी बदललीत. गावं सरकवलीत. पुढं एक पेरूवाली येईल, तिला शोधायला दौलताबादला जाऊ नका, ती पेरू विकत नव्हती. किंवा विकत असेल. तुम्ही बसा शोधत.

तर आधी धंदा समजून घ्या. मी एका सहकारी बँकेच्या हेड ऑफिसात कोपऱ्यात बसायचो. तिथला कॉम्प्युटर सगळ्या शाखांतल्या खात्यांवर नजर ठेवायचा आणि एखाद्या खात्यानं नेहमीची चाल सोडली की ओरडायचा. त्याला अलर्ट म्हणतात. ज्या खात्यात जन्मात कधी मोठी रक्कम नाय, त्यात अचानक लाख आले आणि चहा गार व्हायच्या आत पुढं निघून गेले, की झाला अलर्ट. मग मी विचारायचं, बाबा रे, असं काऊन झालं? उत्तर पटलं तर अलर्ट बंद. नाय पटलं तर फाईल आमच्या मॅडमकडं, आणि मॅडमला पण नाय पटलं तर संशयाचा रिपोर्ट दिल्लीला, एका सरकारी कचेरीत. हा रिपोर्ट म्हणजे फिर्याद नव्हे. शेजारच्या घरातून काहीतरी जळाल्याचा वास येतोय, जरा बघा, एवढाच निरोप.

ह्या कामाचे दोन नियम. एक, दिल्लीवरून उत्तर येत नाय. तुम्ही निरोप धाडला, विषय संपला. आग होती का नुसती फोडणी करपली होती, कधीच कळत नाय. दुसरा नियम त्याहून वाईट. ज्याच्याबद्दल रिपोर्ट गेला, किंवा जायचा आहे, त्याला चकार शब्द सांगायचा नाय. सांगितला तर तो गुन्हा, आणि गुन्हेगार मी.

आता हे काम कुणाला दिलं? मला! खुलताबादच्या शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात खिडकीमागून ‘आज अर्ध्या दिवसानं सुट्टी’ असं ओरडलो होतो आणि दोन वर्ग खरंच घरी गेले होते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाय, आणि भिजला तरी तो तीळ मी दुसऱ्याच्या आवाजात थुंकतो. आई म्हणायची, संद्या, तुझ्या गळ्यात भाडेकरू लई, मालकाला जागाच नाय.

कॉम्प्युटर मात्र अगदीच भोळा होता. आमच्या गारखेड्यात एका बँडवाल्याचं खातं. लग्नसराईत भरून वाहायचं, पावसाळ्यात कोरडं ठणठणीत. दर मे महिन्यात अलर्ट. मी फोन लावला की आधी ट्रम्पेट ऐकू यायचं, मग मालक. ‘ओ साहेब, तुमच्या मशीनचं एकदा लग्न लावून द्या, म्हणजे त्याला कळंल लोक लग्न कधी करतात!’ शहराचं नाव बदललं तेव्हा तर निम्म्या खातेदारांचा पत्ता जुन्या नावानं, निम्म्यांचा नव्या. मशीनला वाटलं, अख्खं शहर बिऱ्हाड हलवून पळालं.

अलर्ट आला की शाखेनं खातेदाराला विचारून उत्तर लिहायचं, हा नियम. रिवाज वेगळा. शाखा कुणाला काही विचारत नाय. एक तयार वाक्य आहे, ते एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडं वारशानं जातं: ‘खातेदार जुना व परिचित असून व्यवहार समाधानकारक आहे.’ गेल्या महिन्यात उघडलेलं खातं असलं तरी खातेदार जुना. एकदा तर वारलेल्या माणसाचे व्यवहार पण समाधानकारक होते. म्हणून मी शाखेच्या नादी लागायचं सोडलं आणि खातेदारांना स्वतःच फोन लावायला लागलो. ऑफिसात त्याला ‘संदीपची नसती उठाठेव’ म्हणायचे. असू द्या.

तर पौषातल्या एका दुपारी दौलताबादकडच्या एकाच शाखेचे तीन अलर्ट एकदम आले. तिन्ही खात्यांची चाल सारखी. कुठून कुठून पैसे येणार आणि लगेच पुढं पळणार. एक खातं शिंप्याचं, एक रिटायर कोतवालाचं, एक लताबाई नावाच्या बाईचं. मी शिंप्याला फोन लावला.

‘हां, बोला. शिंपीच बोलतोय.’

‘एवढे पैसे कशाचे आले हो?’

टक्. बारीक आवाज झाला, मग उत्तर. ‘शाळेच्या ड्रेसची ऑर्डर हाय साहेब.’

बरं म्हटलं. कोतवालाला लावला. तिकडून आधी भरपूर खोकला, मग, ‘कोण हाय बापू?’

‘बँकेतून. बाबा, पैसे कशाचे?’

टक्. ‘जमीन इकली बापू.’

मी खुर्चीत सरळ झालो. तिसरा फोन, लताबाई. फोन पुरुषानं उचलला. ‘मी तिचा मालक बोलतोय. बाई मळ्यात गेली.’

‘मालक, बाईंच्या खात्यात एवढे पैसे?’

टक्. ‘सीताफळाचे. यंदा माल लई निघाला.’

मी फोन ठेवला. पौषात सीताफळ! आमच्या भागातलं शेंबडं पोर पण सांगेल की सीताफळ दिवाळीच्या पुढंमागं संपतं. पण ते नंतर. आधी ती टक्. नक्कल करणाऱ्याला विचारा, आवाज बदलणं लई सोपं. नाक दाबा, गळा खाली घ्या, म्हातारा करा, बाई करा. पण माणूस बोलायच्या आधी जे करतो ते बदलत नाय. कुणी श्वास ओढतो, कुणी जीभ टाळूला लावतो. हा गडी खोटं बोलायच्या आधी तोंडातली सुपारी ह्या गालातून त्या गालात सरकवत होता, आणि ती मधल्या दाताला लागत होती. तिघांच्या तोंडात एकच सुपारी.

खरं सांगतो, मला पहिला राग चोरीचा आला नाय. नकलेचा आला. इतकी भिकार नक्कल! म्हातारा वाक्याच्या शेवटाला दमतो, हा सुरुवातीलाच दमत होता. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये ह्याला पडद्यामागं पण उभं केलं नसतं.

फाईल घेऊन मॅडमकडं गेलो. नांदापूरकर मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. दिल्लीला काय जाणार ते त्यांच्या सहीनं ठरायचं. बोलणं असं की ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकून समोरचा आपोआप शर्ट खोचतो.

‘मॅडम, हे तिघं नायत. एकच माणूस आहे.’

‘कशावरून?’

‘सुपारीवरून.’

त्यांनी चष्मा काढला. ‘संदीप, संशयाच्या कारणांमध्ये मी सुपारी लिहू?’

‘लिहा की.’

‘आवाज हा पुरावा नसतो. उद्या न्यायालयात विचारलं तर साक्षीच्या पिंजऱ्यात तू नक्कल करून दाखवणार आहेस का?’

‘दाखवीन ना! तिघांची दाखवीन. वर तुमची फुकट.’

‘बाहेर.’

बाहेर आलो तर शाखेवरून ठोंबरे साहेबांचा फोन. ठोंबरे म्हणजे तिथले मॅनेजर, माणूस गोड, जिलेबीसारखा, म्हणजे सरळ कुठंच नाय.

‘अरे संदीपभौ, तू डायरेक्ट खातेदाराला फोन करतो? काऊन आग लावतो? तो पोरगा आपला हाय.’

‘कोणता पोरगा साहेब? मी तर शिंपी, कोतवाल आणि लताबाईच्या मालकाशी बोललो.’

मग हळूहळू बाहेर आलं. एक पोरगा होता, बँकेचा नोकर नव्हता, पण बँकेची जुनी बॅग खांद्याला लावून गावात फिरायचा. ‘तुमचं केवायसी संपलंय, खातं बंद पडंल, मी करून देतो,’ म्हणत घरोघरी कागद गोळा करायचा आणि शाखेत आणून द्यायचा. नवी खाती पण आणायचा. टारगेट पुरं व्हायचं, म्हणून ठोंबरेंनी त्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता. कागद देता देता पठ्ठ्यानं लोकांच्या खात्यांना आपले मोबाईल नंबर जोडून घेतले. आता बँकेचा मेसेज त्याला जाणार, बँकेचा फोन तोच उचलणार, कुणाचातरी काळा पैसा त्यातून तोच फिरवणार. नाव मात्र शिंप्याचं, कोतवालाचं आणि लताबाईचं. त्याचं नाव मी लिहीत नाय. मी त्याला ‘सुपारी’च म्हणतो.

‘पोरगा आपला हाय, एवढं एका कागदावर लिहून द्या साहेब,’ मी म्हटलं. फोन कट.

आता इथं खरी अडचण समजून घ्या. रिपोर्ट जाणार तो खात्याच्या नावानं. दिल्लीत, नंतर पोलिसात, जो उघडेल त्याला पहिलं नाव दिसणार लताबाई. सुपारी कुठंच नाय. माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, ‘सोड ना यार, तिनंच कमिशन घेऊन खातं भाड्यानं दिलं असंल. हे लोक असेच असतात.’ माझं डोकं फिरलं. हे लोक म्हणजे कोण रे? मी ह्याच लोकांच्या पोरांबरोबर एका बाकावर बसलो. अंगठ्याच्या जागी अंगठा आणि सहीच्या जागी सही, बँकेची बॅग बघून करतात. बॅग कुणाची होती? आपली!

रविवारी मी गाडी काढली आणि दौलताबादला गेलो. पेरू खायला. रविवारी पेरू खायला कुणाची परवानगी लागत नाय.

लताबाईंच्या खात्याच्या फॉर्मवर धंदा लिहिला होता, पेरूची हातगाडी, किल्ल्याच्या वाटेला; तिथं हातगाड्यांची रांग. लताबाई कोणत्या, हे विचारावं लागलं नाय, एक गिऱ्हाईक त्यांचं नाव घेऊनच त्यांच्याशी भांडत होतं. चाळिशीच्या आसपास, डोक्याला रुमाल, हातात सुरी. गाडीवर पैसे आले की बोलणारा तो डबा लटकवलेला. ‘दहा रुपये प्राप्त झाले,’ असं गोड बाईच्या आवाजात ओरडायचा.

मला खोड. पेरू हातात घेतला आणि तोंड न हलवता त्याच बाईच्या आवाजात म्हटलं, ‘वीस रुपये प्राप्त झाले.’

लताबाईंनी मीठ-तिखट लावून पेरू दिला सुद्धा. मग डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘ए चष्मेवाल्या! डबा इकडं अन् आवाज तिकडून कसा आला रं?’

‘मावशी, गंमत केली.’ मी खरे पैसे भरले. डबा बोलला.

‘सकाळपासून उन्हात उभी हाय, अन् ह्याला गंमत सुचती. कुठला रं तू?’

‘खुलताबादचा.’

‘मंग बरोबर. तिकडची हवाच तशी.’ पण हसल्या. ‘अजून येतं का काही?’

मी किल्ल्यावरच्या गाईडची नक्कल केली, शेजारच्या उसाच्या रसवाल्याची केली. शेजारच्या गाड्यांवरचे जमा झाले. मग मी हळूच विचारलं, ‘मावशी, मालक नाय दिसत?’

‘मालक?’ सुरी पेरूत अडकली. ‘गाडी माझी, पेरू माझे, मालक बी मीच. जो व्हता तो पोरगी रांगायची तवाच निघून गेला. आता पोरगी नर्सिंगला हाय. पुढच्या महिन्यात फी भरायची.’ डब्यावर चापट मारली. ‘ह्याच्यातूनच साठवली. दहा दहा, वीस वीस. पासबुक छापायला गेलं की तुमचं ते मशीन बंद, म्हणून आकडा डोक्यातच ठेवती.’

‘तुमचं मशीन’ त्या सहज बोलल्या, शहरातून आलेल्या कुणालाही बोलल्या असत्या. पण मशीन खरंच आमच्याच बँकेचं होतं. त्यांच्या पोरीची फी त्याच खात्यात होती. चौकशीत खातं गोठवलं की फी पण गोठली. दहा रुपये आले की तो डबा अख्ख्या किल्ल्याला सांगायचा, आणि लाखो रुपये त्याच खात्यातून पळत होते तेव्हा मुका बसायचा. आणि त्याच्यासारखाच मुका मी, हातात पेरू घेऊन.

जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि मी सांगितलं नाय. पेरू संपवला. गाडीला किक मारली.

सोमवारी मॅडमसमोर. ‘मॅडम, लताबाईला मालकच नाय.’

‘तू तिथं गेलास?’

‘पेरू खायला.’

‘तिच्याशी बोललास?’

‘पेरू कसे दिले, एवढंच.’

त्यांनी फाईल मिटून बाजूला सारली. मग म्हणाल्या, ‘संदीप, हा नियम मूर्खांनी केलेला नाही. तू तिला सांगशील, ती रागाने त्या मुलाला जाब विचारेल, तो तासाभरात पैसा आणि पुरावा दोन्ही साफ करेल. मग तिच्या निर्दोषपणाचं तू काय दाखवणार? सुपारी?’

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच लई राग आला.

‘मग तिचं काय मॅडम?’

‘ते माझ्यावर सोड. तू त्या गावाकडे फिरकू नकोस.’

ते माझ्यावर सोड! ऑफिसात हे वाक्य ज्या ज्या गोष्टीवर पडलं, ती गोष्ट मी पुन्हा पाहिलेली नाय. मी नाय सोडलं.

बँका खेडोपाडी शिबिरं घेतात, तुम्ही पाहिली असतील. सतरंजी, एक बॅनर, ‘पिन कुणाला सांगू नका’ असं सांगणारा कंटाळलेला माणूस, आणि कॅलेंडर वाटलं की पळणारे लोक. आमच्या ट्रेनिंगवाल्यांना त्या महिन्यात बोलणारा माणूस मिळत नव्हता. गाव कोणतं, विचारलं. त्यांनी सांगितलं. मी हात वर केला. मॅडमनी फिरकू नको म्हटलं होतं, पण बँकेनंच पाठवल्यावर मी काय करणार? मी तर पगारी नोकर.

गावातल्या लिंबाखाली सतरंजी पडली. पहिल्या खुर्चीवर ठोंबरे साहेब, कडक इस्त्री. बाया बऱ्याच, कारण कॅलेंडरसोबत पिशवी मिळणार होती. लताबाई मागं, पिशवीसाठीच. मला बघून त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, ‘हाच तो डबा.’

मी पिनबिन सोडून दिलं. म्हटलं, मावश्यांनो, चोर चेहऱ्यानं ओळखू येत नाय, बोलण्यानं येतो. ऐका, चोर कसा बोलतो. लॉटरीवाला करून दाखवला. वीज तोडायची धमकी देणारा केला. हसून हसून पदर तोंडात. मग मी बॅग खांद्याला लावली, मान जराशी वाकडी केली, आणि फोनवर ऐकलेला तो खरा आवाज काढला, म्हाताऱ्याच्या आणि मालकाच्या खालचा.

टक्. ‘माय, तुमचं केवायसी संपलंय.’ टक्. ‘तुम्ही कशाला बँकेत हेलपाटे घालता? मी हाय ना.’ टक्. ‘इथं अंगठा. आता बघा, कसलं टेन्शन नाय.’

हसू थांबलं. एकदम. मग पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘अगं बया! हा तर आपला...’ आणि तिनं नाव घेतलं. मागून दुसरी, ‘व्हय की! माझा बी अंगठा त्यानंच नेला.’ तिसरी, चौथी. ठोंबरे साहेबांच्या इस्त्रीला घाम फुटला.

लताबाई उठून उभ्या राहिल्या. ‘ए चष्मेवाल्या, तो तुझ्या गळ्यात कसा शिरला रं?’

‘कोण मावशी? मी तर चोराचा आवाज काढला.’

खरं सांगतो, ह्यापुढं मी एक शब्द जास्तीचा बोललो नाय. कुणाच्या खात्याचं नाव नाय, कशाचा रिपोर्ट नाय. एवढंच म्हटलं, जे सगळ्या शिबिरात म्हणतात: तुमच्या खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडलाय, तो शाखेत जाऊन बघा. बघायचा तुमचा हक्क आहे.

त्या बघायला गेल्या. सगळ्या. लताबाई पुढं, हातात बँकेची नवी पिशवी, आणि ठोंबरे साहेब मागं पळत. ‘अहो ताई, आज शिबिर हाय, उद्या बघू!’

‘शिबिरातच सांगितलं ना बघा म्हणून! काढा कागद!’

पासबुकाचं आजारी मशीन त्या दिवशी चमत्कार झाल्यासारखं चालू झालं. लताबाईंचं पासबुक छापत राहिलं, छापत राहिलं, पानं संपली. त्यांनी ते वाचलं नाय, बोट फिरवत नुसती लांबी बघितली. ‘एवढे पेरू दौलताबादला निघत नायत,’ म्हणाल्या, आणि तिथून तशाच सगळ्या बाया पोलीस ठाण्यात. तक्रार लिहून घेईपर्यंत बाकड्यावरून हलल्या नाय म्हणे. मी तिथं नव्हतो. मी सतरंजी गुंडाळत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. दार उघडंच ठेवलं, म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जावं.

‘काय केलंस हे?’

‘आर्थिक साक्षरता, मॅडम.’

‘शहाणपणा बास! त्या मुलाने काल दुपारीच सगळे फोन बंद केले. घराला कुलूप आहे. तुझ्या टाळ्या ऐकून पाखरू उडालं. जे मी तुला समजावून सांगितलं, अगदी तेच झालं!’

‘पण मॅडम, लताबाईची तक्रार तर नोंदली. आता ती आरोपी नाय, फिर्यादी आहे. तुमच्याच्यानं...’

‘माझ्याच्यानं काय?’ आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटते. ‘जे जायचं होतं ते शुक्रवारीच गेलं होतं. तुझ्या शिबिराच्या आधी. तिघांसाठी एकच माणूस बोलतो असा संशय आहे, बाई बहुधा अनभिज्ञ आहेत, असं स्पष्ट लिहून. मला सुपारी लिहिता येत नाही, पण मराठी येतं.’

काय गेलं, कुठं गेलं, ते मला छापता येत नाय. तुम्ही हुशार आहात.

‘मग मला सांगितलं का नाय?’

‘कारण गुप्ततेचा नियम आहे, संदीप. आणि तो नियम तुझ्यासारख्या माणसासाठीच केलेला आहे. लेखी खुलासा दे.’

खुलासा दिला. त्यात लिहिलं की मी चोराच्या आवाजाची नक्कल केली, लोकांना ती ओळखू आली, हा माझा दोष नाय, ही नकलेची गुणवत्ता आहे. पगारवाढ रोखली. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या बँकेत गेलो. काम तेच, कोपरा नवा. सुपारी उडाला ह्याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. लई वाटतं. मॅडमचा कागद चोख होता, हे पण मान्य. पण कागद दिल्लीला जातो आणि दिल्ली उत्तर देत नाय. बाया पोलीस ठाण्यात गेल्या आणि त्यांनी उत्तर घेतल्याशिवाय बाकडं सोडलं नाय. पुन्हा तशी वेळ आली तर? पुन्हा करीन. टक् सकट.

खातं मात्र गोठलं. गोठणारच होतं. लताबाईंचे स्वतःचे पैसे सोडवायला मॅडमनी किती पत्रं लिहिली ते मी पाहिलंय, दोन-तीन तर मीच टाईप केली. पैसे सुटले, पण फीची तारीख उलटून गेल्यावर. पोरीला दंडासकट भरावी लागली.

म्हणून लताबाई हेड ऑफिसात आल्या. तो माझा त्या बँकेतला शेवटचा महिना होता. लिफ्टमधून उतरल्या, डोक्याला तोच रुमाल, आणि ‘आवाज काढणारा चष्मेवाला कुठं बसतो’ विचारत थेट माझ्या कोपऱ्यात.

‘शिबिरात वाटलं, बँकेनं नकल्या आणलाय. तू बँकेतलाच हायस व्हय रं?’

‘व्हय मावशी.’

‘त्या रविवारी माझ्या गाडीवर आलास, तवा बी बँकेतलाच व्हतास?’

‘व्हय.’

‘तवा तुला ठावं व्हतं? माझ्या खात्यात काय चाललंय ते?’

सगळा मजला वळून बघत होता. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. कायदा तेव्हा पण तोच होता, आज पण तोच आहे. व्हय म्हणता येत नाय, नाय म्हणता येत नाय. माझ्या गळ्यातल्या सगळ्या भाडेकरूंपैकी एक पण मदतीला आला नाय.

‘बोल की! गाईड झालास, रसवाला झालास, डबा झालास. माझ्यासमोर पेरू खाल्लास, मीठ लावून. पोरीच्या फीचं सांगितलं तुला मी, माझ्या तोंडानं! अन् तू? माझ्या पोरीनं कालिजात सगळ्यांपुढं दंड भरला. चार शब्द नव्हते तुझ्याकडं?’

मी खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली. त्या बसल्या नाय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दारातल्या मॅडमकडं, मग पुन्हा माझ्याकडं. पिशवीतून दोन पेरू काढले आणि माझ्या कीबोर्डवर आपटले.

‘खा. अन् परत गाडीवर आलास तर पैसे डब्यानं बोलले पायजेत, तू नाय. बोलायचं तवा बोलत नाय, नको तवा डबा व्हतो! निर्लज्ज कुठला!’